फुसाएआजी जागा बघायला जातात

"तोमोला जाऊन ताजे मासे खाऊन येते," असं सुनेला सांगून फुसाएआजी फुकुयामाहून एकट्याच बसमध्ये चढल्या. मासे हे नुसतं निमित्त. आजी निघाल्या होत्या स्वतःच्या अस्थींसाठी जागा बघायला.

म्हणजे सगळ्यांच्या अस्थी एकत्र ठेवायचं घराण्याचं थडगं नव्हतं असं नाही. चांगलं दगडी, ऐसपैस होतं. नवरा तोकुजी त्यातच होता. पण त्याच्या शेजारी सासू होती ना! जन्मभर जिनं सुनेला सगळ्यांच्या शेवटी, निवलेल्या पाण्यात अंघोळ करायला लावली, तिच्याच मांडीला मांडी लावून मेल्यावरही बसायचं? छे! तोमोच्या एका देवळात एकट्यादुकट्यांसाठी सामायिक जागा आहे, तिथून समुद्र दिसतो, एवढं आजींच्या कानावर आलं होतं.

बंदरात भरतीची वाट बघत होड्या उभ्या होत्या. मासे वाळत घालणाऱ्या कोळणीनं आजींना हटकलं, "एकट्याच? म्हातारबुवांना घरी कोंडून आलात वाटतं!"

"त्याला त्याच्या आईनं ठेवून घेतलंय," आजी म्हणाल्या.

कोळीण खो खो हसली. आजीही हसल्या, पण देवळाची चढण चढताना आपलंच बोलणं त्यांना टोचत राहिलं.

पुजाऱ्याची बायको चिझुरू मोठी बोलघेवडी. तिनं चहा दिला, आजींकडून नवऱ्याची नि सासूची सगळी कथा काढून घेतली, मग जागा दाखवली. वर पाइनचं झाड, समोर बेटं. आजींच्या ती बघताक्षणी मनात भरली, आणि तिथंच त्यांना रडू फुटलं.

"अगंबाई! आवडली नाही का?"

"आवडली गं. पण तो तिकडे, मी इकडे. म्हणजे शेवटी म्हातारीच जिंकली की!"

"एवढंच ना? मग त्यांनाही आणा थोडे," चिझुरू म्हणाली. "अस्थी वाटून ठेवतातच की लोक. थोडा मुलगा आईला, थोडा नवरा तुम्हाला. कुठलं हाड हवं तेवढं ठरवा."

आजींनी डोळे पुसले. ठरवायला वेळ लागलाच नाही.

"गळ्याचं," त्या म्हणाल्या. "आईपुढे माझ्या बाजूनं एक शब्द कधी फुटला नाही त्या गळ्यातून. आता इथे आणून बसवते माझ्याजवळ. म्हणावं, बोल आता, ती नाहीये इथे."