देवकीचे रिकामे हात

टाकव्याला गोपाळकाल्यासाठी जाणार असाल, तर नव्या वहाणा घरी ठेवा. माझ्या नव्या होत्या.

सुशीलाही मी घरीच ठेवले, पण ते मुद्दाम. सुशी ही माझ्या नणंदेची, गयाची लेक. मानमोडीच्या साथीत गया अंथरुणाला खिळली, तेव्हा ही तान्ही पोर चार दिवसांसाठी म्हणून तळेगावी माझ्याकडे आली. त्याला आता पाच वर्षे झाली. मला मूल नाही, आणि ती मलाच आई म्हणते. यंदा गयाचा निरोप आला, "पोरीला घेऊन या." तिने लेक परत मागितली तर कुठल्या तोंडाने नाही म्हणू?

वडगावपर्यंत बैलगाडीने गेले, पुढे नावेतून इंद्रायणी ओलांडली. नावाडी माणशी आणा घेतो. घासाघीस करू नका, तो ऐकत नाही. पलीकडे भातखाचरांच्या बांधावरून चिखल तुडवत टाकव्यात गयाचे घर गाठले.

तिने आधी माझ्या पाठीमागे पाहिले.

"सुशीला पडसं झालंय," मी म्हणाले. तिने भाकरी आणि अळूची भाजी वाढली.

जेवून आम्ही दोघी देवळात गेलो. तिथे लाकडी फळीवर रंगवलेले कृष्णजन्माचे चित्र आहे. बाळ नुकतेच वसुदेवाच्या टोपलीत गेले आहे, आणि देवकीचे हात अजून तसेच पुढे आहेत. इतकी वर्षे अशा चित्रांत मी बाळच पाहत आले. इथे बाळाचा रंग शाबूत होता. देवकीच्या हातांवरचा पार उडाला होता, खालचे लाकूड दिसत होते.

"उंदरांनी कुरतडलं का?" मी शेजारच्या मावशींना विचारले.

"न्हाई बाई. ज्यांचं लेकरू जवळ न्हाई, त्या बाया हितं हात लावत्यात."

तेवढ्यात गया पुढे झाली आणि तिने सवयीने त्या हातांवर बोटे टेकवली. मला फार वाईट वाटले. मनातल्या मनात मी स्वतःला यशोदा म्हणत होते, या हातांचा विचार कधी केलाच नव्हता.

बाहेर काला खाताना ती म्हणाली, "वैनी, मी तिला ठिवून घ्याची न्हाई. तिची आई तुमीच. मला नुसती बघायची हुती. केवढी झालीया?"

मी कमरेशी हात धरून दाखवला. तिनेही तेवढ्याच उंचीवर हात धरला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

घरी येऊन चार दिवस झाले. चित्रापेक्षा तो हातच डोळ्यांपुढे येतो. रविवारी पुन्हा निघते आहे, या वेळी अनवाणी. चिखलात सुशीला मी कडेवर घेईन. दारात पोचले की आधी गयाच्या हातात देईन.