माइकवर झालेली मॅनेजर

मुरुममधल्या एका लग्नात, अक्षता पडायच्या आधीच, मी माझ्या लेकीला मॅनेजर करून टाकलं.

आमच्याकडं मंगलाष्टकांआधी माइकवरून पाहुण्यांचं स्वागत होतं. चेअरमन, माजी सरपंच, भावी सरपंच. पदाशिवाय माणूस कुणाला दिसतच नाही. माझ्याकडं आजवर एकही पद नव्हतं. म्हणून सकाळी लेकीच्या मोबाइलवर नोकरीच्या इंग्रजी जाहिरातीत पाहिलेलं पद मी माइकवाल्याच्या कानात सांगितलं. त्यानं खडा आवाज लावला, "सोलापूरच्या कंपनीत ब्रँच मॅनेजर झालेल्या कन्येचे वडील!" मी उठून चारी दिशांना हात जोडले.

लेक बायकांतून ताडकन उठून आली. "पप्पा, मुलाखत सोमवारी हाय अजून! आन् जागा ब्रँच मॅनेजर सपोर्ट असिस्टंटची हाय."

"मग, मॅनेजर हाय की त्यात."

"शेवटचा शब्द बघायचा असतोय. कारखान्याच्या चेअरमनच्या गाडीचा ड्रायव्हर म्हणलं, तर तुमी त्याला चेअरमन म्हणता का?"

"तिथं 'च्या', 'चा' असतंय की मधी."

"इंग्रजीत ते गाळून नुसते शब्द जोडत्यात. काम कुठलं ते शेवटालाच कळतंय."

वर्षभर ती अर्ज करत होती. सोमवारी जमलं नाही, तर गावाच्या प्रश्नांना तोंड तिलाच द्यावं लागणार होतं. मी नुसता फेटा सावरत राहिलो.

ती सरळ माइकपाशी गेली. "मी मॅनेजर न्हाय. असिस्टंटच्या जागेला अर्ज केलाय. मुलाखत व्हायची हाय." मांडवात लई हशा पिकला. पण तिचा आवाज काही कापला नाही.

पहिली पंगत उठली तेव्हा बघतो तर दोन-तीन पोरी मोबाइल घेऊन तिच्याभोवती बसलेल्या. "ताई, ह्यात काम कुठलं हाय?" ती प्रत्येक लांबलचक नावाच्या शेवटच्या शब्दावर बोट ठेवत होती. मी बुंदीची बादली घेऊन तिथंच घुटमळलो. दुसरी पंगत ओरडायला लागली, तरी पाय निघेना. एवढी छाती तर माइकवर नाव आल्यावरही फुगली नव्हती.

सोमवारी ती एकटी सोलापूरला जाऊन आली. पुढच्या आठवड्यात निवड झाल्याचा फोन आला. पायात चपला सरकवत मी बायकोला विचारलं, "चौकात सांगून येऊ का?"

"या की," ती म्हणाली. "पण असिस्टंटपासनं सुरू करा. तुमाला मधीच थांबायची सवय हाय."