ढालीवरचं अर्धं चाक

शाळेच्या स्टाफरूममध्ये किस्से खडूच्या भुकटीसारखे साचतात. रोज झाडा, दुसऱ्या दिवशी तेवढेच. पेडगावच्या आमच्या स्टाफरूममधले बरेचसे माझ्यावरच आहेत. जर्मनीत चार वर्षं शिकून, बाहत्तरचा दुष्काळ सरल्यावर, मी मुद्दाम इथे मास्तर झालो. मला या गावचं व्हायचं होतं. गाव मला ‘जर्मनवाले सर’ म्हणायचं.

*

आल्या आल्या मी जर्मनीतल्या माझ्या गावाचं नगरचिन्ह स्टाफरूमच्या भिंतीवर लावलं. लाल ढाल, पांढरी किल्ली, अर्धं चाक. हेडमास्तरांनी विचारलं, उरलेलं चाक कुठंय? मी भारावून सांगितलं, चाक बिशपचं, म्हणजे गावावर राज्य करणाऱ्या धर्मगुरूचं. गावानं त्याची अर्धी सत्ता झुगारली, म्हणून अर्धंच उरलं.

“म्हणजे अर्धं काम पेंडिंग हाय,” ते म्हणाले आणि तासाला गेले.

*

किल्ली वेशीची. ती गावानं लढून स्वतःकडे घेतली, हे मी दर वेळी उभा राहून सांगायचो. एकदा गावकुसाबाहेर राहणाऱ्या गायकवाड गुरुजींनी शांतपणे विचारलं, “वेशीच्या बाहेर कोण राहायचं?”

चार वर्षांत हे मला सुचलंच नव्हतं. तिथल्या प्रोफेसरांना पत्र टाकलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं: कातडी कमावणारे.

गुरुजींनी पत्राची नीट घडी करून ते मला परत दिलं. “मला वाटलं, लय लांबचं गाव असंल.”

*

पेडगावलाही चिन्ह हवं म्हणून मी सभा बोलावली. कोणी ज्वारीचं कणीस सुचवलं, कोणी कपाशीचं बोंड. पाटील म्हणाले, आमच्या बैलाचं चित्र काढा. भांडणातच सभा मोडली.

दुसऱ्या सभेला मी आणि शिपाई शेखचाचा, एवढेच. अर्ध्या तासानं त्यांनी विचारलं, कुलूप लावू का. मी म्हणालो, थोडं थांबू. ते स्टूल ओढून बसले.

“सर, आपण दोघंच हावोत तर एकमतानं ठराव करून टाका.”

*

मारोतीमामा धनगर. मेंढरं शाळेच्या बाभळीखाली बसवून ते पाणी प्यायला आले आणि चित्रापाशी थांबले. गावाची खूण, एवढंच मी म्हणालो. बाकीचं सांगायची उमेद संपली होती. पण त्यांना लगेच पटलं. पाण्यावर दोन कळप मिसळले की कोणतं मेंढरू कोणाचं? म्हणून पाठीवर गेरू. त्यांच्या दोन आडव्या रेघा, भावाची एक.

“तुमची खूण कोणती?” त्यांनी मला विचारलं.

“मला खूण नाही.”

“मंग तुमाला हुडकत कोण येईल?”

मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांनी कोपरीच्या खिशातून गेरूचा खडा काढला, ग्लासात उरलेल्या पाण्यात भिजवला.

“पाठ करा इकडं, सर.”