मेहुण्यांच्या खिशातली बटणं

नगरात मला अन्न, अंथरूण आणि कान, तिन्ही मिळाले ते आमच्या बँडमास्तरांच्या मेहुण्यांमुळे. आणि दुसऱ्याच्या रेडिओवर त्यांच्याइतका हक्क सांगणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात झाला नसेल. मेहुणे ते मास्तरांचे, पण सगळं गाव त्यांना मेहुणेच म्हणे, मीही म्हणे. धंदा रेडिओदुरुस्तीचा. रेडिओचा आवाज मनाजोगता लागला, की ते त्याचं बटण उपटून खिशात टाकत. "लोकांच्या हातात बटण दिलं की ते पिळत्यात," एवढंच कारण. कापडबाजारातली निम्मी घरं त्यामुळं सांडशीनं रेडिओ लावत. मेहुणे चालले की खिसा खुळखुळे, आणि एक वकिलीणबाई तो खुळखुळाट ऐकताच आपल्या रेडिओवर टॉवेल टाकत. जेवतानाही तेच. आमटीत मीठ मनासारखं पडलं, की मिठाची वाटी मांडीखाली. मग पंक्तीतल्या बाकीच्यांनी अळणी खावं.

मी सावंतवाडीकडचा. इंग्रजी चौथीत शाळा सुटली आणि पोटासाठी इतक्या लांब आलो. कॅम्पातला एक साहेब विलायतेला जाताना आपली विजेची गिटार आणि तिचा अ‍ॅम्प्लिफायर मास्तरांना देऊन गेला होता. ती वाजवायचं काम माझ्याकडं आलं. खोलीत एकटा वाजवी तेव्हा खर्ज असा भरून येई, की घरची आठवण व्हावी. बँडात बसलो, की ढोल आणि कर्ण्यांच्या गदारोळात मी आहे की नाही, मलाच कळेना. आवाज वाढवावा तर नुसती घरघर. शेवटी मास्तरांनी सांगून टाकलं, की कोपरगावकडच्या साखर कारखान्यात गळिताची पहिली मोळी टाकायचा कार्यक्रम आहे, तिथं ऐकू आलास तर राहा, नाहीतर तिथूनच गावाकडची गाडी धर. गावाकडं घर होतं, पण पानात वाढायला काही नव्हतं.

कारखान्यात कार्यक्रमाआधी मेहुण्यांनी मला सगळ्या बँडाबरोबर वाजवायला लावलं आणि ऐकायला स्वतः पार उसाच्या गाड्यांपाशी, बैलांच्या घोळक्यात, आमच्याकडं पाठ करून उभे राहिले. परत येऊन अ‍ॅम्प्लिफायरच्या एका बटणानं खर्ज काढला, दुसऱ्यानं आवाजही उतरवला आणि पुन्हा बैलांत गेले. अशा कितीतरी फेऱ्या झाल्यावर दोन्ही बटणं उपटली. बँड थांबल्यावर मी एकच तार छेडून पाहिली. पत्र्यावर खिळा ओढावा तसा आवाज.

"मेहुणे, थोडा तरी खर्ज ठेवा. ह्यात गोडी नाही हो."

"आरं कोकण्या, खर्ज ढोलाचा हाय. त्याच्या ताटात हात घालशील तर उपाशी ऱ्हाशील. तुजं पान मदी मांडलंय, तितं बस."

मी कुणाकडं पकड आहे का विचारत होतो, तोवर पहिली मोळी पडली आणि मास्तरांनी हात उचलला. ढोल गरजला, कर्णे उठले, आणि त्यांच्या मधून माझी गिटार सुईतून दोरा निघावा तशी निघाली. तोच पत्र्याचा आवाज, पण ढोलाचा खर्ज खाली आल्यावर गोड झालेला. गाड्यांवर चढलेली माणसं माना वळवून माझ्याकडं बघू लागली. कार्यक्रम संपल्यावर मास्तर ढोलवाल्याला म्हणाले, "नगरच्या गाडीत ह्याची बी जागा धर."

मेहुणे तेव्हाही बैलांतच होते. वळले नाहीत.

आता मी नागपुरात, आणखी मोठ्या बँडात आहे. निघताना त्यांनी ती दोन बटणं माझ्या हातावर ठेवली. "आता तू पिळनार न्हाईस," म्हणाले. बटण परत मिळालेला नगरात मी एकटाच असेन. पण एकट्यानं वाजवताना त्यांनी मला कधी ऐकलं नाही. एकदा नगरला जाईन, मेहुण्यांना माझ्याकडं तोंड करून बसवीन, आणि घरची आठवण यायची तो खर्ज पुरा वाढवून त्यांच्यासाठी वाजवीन. आवाज मनाजोगता लागला, की बटणं उपटीन; त्या दिवशी ती माझ्या खिशात असतील.