कुरणातल्या त्या जागेची माती

आज सकाळी बदनापूरच्या पुढं राखीव कुरणात माती काढायला गेल्तो. ऋतू बदलला की मातीतला कर्ब किती घटतो-वाढतो, ते मी एकाच जागेवर तपासतो.

खड्डा सुरू करताच, कडेला शेळ्या चारणाऱ्या आजी लगबगीनं आल्या. "बाबा, तिथं खांदू नको!"

त्यांच्या लहानपणी रझाकारांच्या भीतीनं घरचे सगळे या रानात लपले होते. "तान्हा भाऊ तापानं गेला. मायला मोठ्यानं रडताबी आलं न्हाई. इथंच पुरला त्याला."

मग आजींनी विचारलं, "आधी कधी खांदलं न्हाई ना?"

"बिलकुल न्हाई, आजी."

तीन वर्षं दर मोसमात मी तिथलीच माती नेली, चाळली, भट्टीत जाळून तपासली.

खड्डा बुजवून आलो. तुम्ही आजींना खरं सांगितलं असतं का?