परवानगीवाल्या बाई

मार खाऊन आलेल्या पोरीला धीर द्यायचा म्हणून मी खोलीला आतून कडी घातली होती. नातवंडं आज मला अतिशहाणी म्हणतात. सरकारी दवाखान्यातली बिल्लेवाली सिस्टर होते तेव्हा त्यांनी बघायला हवं होतं! आणि कडी घातली, तीही मार खाल्लेल्या बायांशी कसं बोलावं हे शिकवणाऱ्या बाईंचा वर्ग नुकताच ऐकून.

या बाईंसारखं परवानगी मागणारं माणूस परभणी जिल्ह्यात दुसरं नसेल. एस.टी.त "इथं बसू का?" विचारत उभ्या राहायच्या, तोवर भलताच कुणी जागा पटकवायचा. कुणाच्या पाठीमागून कधी आल्या नाहीत. वळसा घालून, खाकरून समोर यायच्या. आता थकल्यात, तरी माझ्या घरी दारातच थांबतात. त्यांच्या वर्गात फौजदार, वकील, मास्तर, आम्ही सिस्टर, सगळे एका सतरंजीवर. एकदा फौजदारसाहेबांना मधे बसवून म्हणाल्या, "गेल्या मंगळवारी काय जेवलात? ओळीनं सांगा, अडखळायचं न्हाई." साहेबांची भाजी दोनदा बदलली. "खोटं बोलायलात तुमी," बाई हसल्या. "सुखानं खाल्लेलं आठवंना, मग मार खाल्लेलीनं ओळीनं कसं सांगावं?" सगळ्यांत मोठ्यानं मीच हसले होते.

आणि त्याच आठवड्यात ताडकळसकडची ती पोर आली. ऊसतोडीवर नवरा तिला कोपीत, त्या पाचटाच्या झोपडीत, कोंडून मारायचा. तो बाहेरच बसलेला. ती आज बोलली नाही, तर त्याच्याच मागं परत जाणार होती. त्याला ऐकू जाऊ नये म्हणून मी कडी घातली, तशी पोर भिंतीला चिकटली. "बोल की गं, लवकर बोल!" मी. तिची नजर कडीवरून हलेना. बाहेरून त्यानं हाक मारली आणि ती मुकाट्यानं उठली.

मी घाबरून दार उघडलं. समोर बाई! त्या दिवशी दवाखान्यातच होत्या. त्यांनी वॉचमनकरवी नवऱ्याला फाटकापाशी नेलं आणि उंबऱ्याबाहेरच थांबून विचारलं, "बाय, दार किती उघडं ठेवू?"

हे पोरीला कुणी कधी विचारलंच नसावं. मग तिनं हात पसरून दाखवलं, "एवढं."

"आत येऊ का?"

"या."

बाई फरशीवर बसल्या आणि गप्प राहिल्या. फाटकावरून पुन्हा हाक आली. माझ्या जिभेवर शंभर प्रश्न; मी दात आवळले. बऱ्याच वेळानं पोर म्हणाली, "मला त्याच्यासंगं जायचं न्हाई."

मी खाली मान घालून बाहेर निघाले. मागून तीच पोर म्हणाली, "तुमी बी बसा की, सिस्टर. पर जरा लांब."