मालक आल्यात

दुकानात आली की ती दोन्ही हात काउंटरवर उपडे ठेवायची. लाल, भेगाळलेले, खवले सुटणारे. म्हणायची, "द्या ताई ट्यूब. मालक आल्यात."

भांडगावात हायवेलगत माझं मेडिकल आहे. तिचा नवरा ट्रकवर ड्रायव्हर. तो बाहेरगावी असला की हात निवळायचे. ट्रक दारात लागला की चारदोन दिवसांत कोपरापासून बोटांपर्यंत सोरायसिस फुलायचा. तो मारायचा नाही. नुसता बोलायचा, ताटावर बसल्यापासून निजेपर्यंत. "ह्या हातानं वाढती, किळस येती," हे त्यातलं सौम्य.

दौंडच्या डॉक्टरांनी तिला सांगितलं, "टेन्शन घेऊ नका."

"म्या कुठं घेतीया, डॉक्टर? घरपोच येतंय."

हा रोग लागत नाही, हे मी बायकांना कितीदा सांगितलं. त्या माना हलवायच्या आणि हळदीला तिला वगळायच्या. तुम्हीही अशी बाई पाहिली असेल. मांडवात सगळ्यांत मोकळा गळा तिचा, पण हळदीची वाटी तिच्यापाशी आली की पुढं सरकते. ती हसायची. "माझ्या लेकीला तर मीच लावनार. तवर हात तेवढं बरं करा, ताई."

नवरा सोलापूरच्या रस्त्यावर अपघातात गेला. वर्षभरात तिचे हात असे निवळले की मीच ते उलटसुलट करून पाहिले. एक डाग नाही. गावानंही पाहिलं. "नवरा गेला आन् बया उजळली," गाव म्हणालं.

लेकीच्या हळदीला ती ते हात घेऊन पुढं आली. वाटीत बोटं बुडवणार, तोच धाकट्या जावेनं वाटी उचलली.

"आक्का, तुम्ही नगा. सवाष्णींचं काम हाय ते."

लेकीनं मान खाली घातली. गाणी थांबली नाहीत. वाटी पुढं गेली, एकीच्या हातून दुसरीच्या हातात.

लग्न उरकल्यावर ती दुकानात आली. हात उपडे ठेवले. लाल चट्टे परत उठले होते.

"आता तर मालक नाहीत," मी म्हणाले.

"मालक गेलं, ताई. बाकीची समदी हायेत की."

मी ट्यूब पुढं सरकवली. काउंटरवर चार हात होते. तिची नखं स्वच्छ, पांढरी. हळदीनं पिवळी झालेली, ती माझी.